वाढवतो जी

विलासशी मी शेवटचा शब्द बोललो तो "फिकट". धायरीतल्या आमच्या गाळ्यात, शनिवारी दुपारी, त्याने नेहमीप्रमाणे लेबलाचा पहिला नमुना माझ्यापुढे धरला. मी तो खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि म्हणालो, "फिकट." तो म्हणाला, "वाढवतो जी." मला कोथरूडची बस गाठायची होती, म्हणून दुसरा नमुना न बघताच मी निघालो. जाताना मागे वळून त्याच्याकडे पाहिलं असतं तर काही दिसलं असतं का, असं लोक अशा वेळी स्वतःला विचारतात. मी विचारत नाही. काही दिसलं नसतं, हे मला आता पक्कं ठाऊक आहे... रविवारी सकाळी मी बाल्कनीत पेपर घेऊन बसलो असताना आत सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन वाजला. तिने ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे विलासची मुलगी मृणाल होती. आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणते. "मामा, बाबा गेले," एवढंच म्हणाली. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. विलास सुनंदाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा आणि धंद्यातला भागीदार. त्याने साठीसुद्धा गाठली नव्हती.

विलास यवतमाळकडचा. बारावी झाल्यावर पुण्यात आला तो थेट आमच्या घरी उतरला आणि थोड्याच दिवसांत भोसरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेबलावर काहीतरी तपासत होतो तर त्याने विचारलं, "भाऊजी, काय करून राहिले?" मी छापखान्यातला माणूस, त्यातून पुण्याचा. मी मान वर न करता म्हणालो, "करून राहिलो नाहीये. करतोय." दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. हा खळखळून हसला आणि पुढे जन्मभर माझ्याशी मुद्दाम तसंच बोलला. "पाहून राहिलो जी", "येऊन राहिलो जी". बाकी गिऱ्हाइकांशी त्याचं बोलणं पार पुणेरी झालं होतं, इतकं की एकदा एकाला त्याने 'आपण जरा बाहेर थांबता का' असं म्हटल्यावर तो माणूस घाबरून निघूनच गेला. 'करून राहिलो' हे फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. मला ते आवडतं, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. त्याला कळलं असणारच. पुढचं सगळं वाचल्यावर तुम्हालाही वाटेल की या माणसाला माझ्याबद्दल न कळलेलं असं फारसं काही नव्हतं.

मी स्वतः एका ऑफसेट छापखान्यात फोरमन होतो. यंत्रावरचा माणूस पहिला कागद घेऊन माझ्याकडे यायचा, मी तो दिव्याखाली धरायचो आणि मी 'पास' म्हटल्याशिवाय पुढचा कागद निघत नसे. निळा चढलाय, काळ्यात दम नाही, डावीकडे शाई कमी पडतेय, हे मी नुसत्या नजरेने सांगत असे आणि ते बरोबर निघत असे. मालक पाहुण्यांना माझी ओळख 'हे आमचे डोळे' अशी करून देत. माणसाला एखादी गोष्ट कौतुकाने सतत ऐकवली की ती त्याच्या अंगात मुरते. छापखाना बंद झाला, जागेवर इमारत उभी राहिली, आणि मी घरी बसून सोसायटीच्या नोटिशींमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला लागलो. सुनंदा कंटाळली. तेव्हा विलासनेच डोकं लढवलं. कारखान्यात त्याने लेबल छापायची मशिनं हाताळली होती, धायरीत एक गाळा रिकामा होता, आणि आजूबाजूला लोणची-मसाले करणाऱ्या बायका, छोटे कारखानदार, गोदामवाले होते. सगळ्यांनाच लेबलं लागतात. मी म्हणालो, मला कॉम्प्युटर येत नाही. तो म्हणाला, "कॉम्प्युटर मी पाहतो जी. पास तुम्ही करायचं."

हे मशीन कसं चालतं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर माझी फजिती तुमच्या लक्षात यायची नाही. लेबलांचा रोल आणि शाईची रिबन एकावर एक सरकत जातात आणि त्यांच्यावर एक पट्टी दाबून बसलेली असते. तिला हेड म्हणतात. हेडवरचे बारीक ठिपके तापतात आणि जिथे तापतात तिथे रिबनवरची शाई वितळून लेबलावर उतरते. किती तापवायचं ते आपण ठरवायचं. कमी तापलं तर अक्षरं तुटक आणि फिकी येतात. जास्त तापलं तर शाई पसरते, बारकोडच्या रेघांमधल्या पांढऱ्या फटी बुजतात, रिबनला सुरकुत्या पडतात आणि हेड लवकर झिजतं. कागदी लेबलाला उष्णता कमी लागते, प्लास्टिकच्या लेबलाला त्याच्या वेगळ्या रिबनसकट जास्त लागते. टेरिकॉटवर सुती कपड्याची कडक इस्त्री फिरवली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तसंच हे. विलासची पद्धत अशी की खालून सुरुवात करायची, एकेक आकडा चढवत जायचं आणि अक्षरांची कड स्वच्छ झाली की तिथेच थांबायचं. मला हे कधी पटलं नाही. काळं म्हणजे काळं दिसलं पाहिजे, हे माझं छापखान्यातलं शिक्षण. यावरून आमची कुरबुर चालायची आणि शेवटी, वयाने आणि नात्याने मी मोठा, म्हणून माझंच चालायचं. म्हणजे असं मला वाटायचं.

गाळ्यात बसायच्या जागासुद्धा ठरलेल्या होत्या. मशीन माझ्या खुर्चीशेजारी, त्यावरचा उष्णतेचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर. कॉम्प्युटर आतल्या बाजूला, कपाटाच्या आडोशाला, तिथे विलास. प्रत्येक ऑर्डर सुरू करण्यापूर्वी तो एक नमुना काढून माझ्याकडे यायचा. "पाहा जी." मी खिडकीकडे वळायचो. "फिकट." तो बटण दाबून आकडा वाढवायचा, मशीनचा बारीक आवाज व्हायचा, दुसरा नमुना निघायचा. "आता?" मी तो जवळ धरायचो, लांब धरायचो. "हं. आता बरं." मग तो आत जाऊन ऑर्डर सुरू करायचा आणि मी पास करण्याचं काम झालं म्हणून चहा मागवायचो. गेल्या काही वर्षांत हा 'फिकट' वारंवार यायला लागला होता. आकडा चढत चालला होता. मी विलासला म्हणायचो की हे मशीन आता म्हातारं झालंय, त्याच्यात दम राहिला नाही. तो म्हणायचा, "होते जी म्हातारं. सांभाळून घ्यायचं." मी हट्टाने हेड नवीन घालायला लावलं. त्याने मुकाट्याने घातलं. तरी मला लेबल फिकटच. तेव्हाही तो एवढंच म्हणाला की मशीन जुनं असल्यावर नुसतं हेड बदलून काय होणार.

आता मागे वळून पाहतो तर सगळं उघड्यावर पडलेलं होतं. पेपर वाचायला मी घरातून बाल्कनीत आलो होतो आणि हल्ली पेपरवाले शाई वाचवतात, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. स्कूटर सोडून बस धरली होती, त्याला कारण रहदारी. दिवाणखान्यातले दिवे दोनदा बदलून घेतले होते आणि दुकानदाराला माल हलका देतोस म्हणून सुनावलं होतं. ज्याची ख्याती 'आमचे डोळे' अशी, त्याने डोळ्यांवर संशय कसा घ्यावा? विलासने एकदाच, अगदी बेतानं, विषय काढला होता. "भाऊजी, सुनंदाताईला न्यायचंच आहे डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तर तुम्ही पण दाखवून घ्या ना." मी त्याच्यावर असा काही घसरलो की शेजारच्या गाळ्यातला फॅब्रिकेशनवाला काम थांबवून दारात आला. माझ्या नजरेवर पोटं भरली आहेत लोकांची, तू मला शिकवणार का, वगैरे. विलास ऐकत उभा राहिला. "तसं नाही जी," म्हणाला आणि आत कॉम्प्युटरकडे गेला. पुन्हा कधी तो विषय त्याने काढला नाही.

इथवरचं मी पचवलं असतं. म्हातारी माणसं हटवादी असतातच आणि आपली माणसं ते मनावर घेत नाहीत. पण तेराव्यानंतरच्या रविवारी आमच्या भागातल्या गाळेवाल्यांनी विलाससाठी छोटी शोकसभा ठेवली. शाळेच्या हॉलमध्ये शंभरेक खुर्च्या, समोर त्याचा हार घातलेला फोटो, आणि आमची जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं. मला बोलायला सांगितलं. रडवेलं बोलणं मला जमत नाही, म्हणून मी नेहमीच्या पद्धतीने, जरा चिमटे काढत बोललो. विलास कामाला वाघ, स्वभावाने सोन्यासारखा, पण नजर कच्ची, असं म्हणालो. "काळं कुठलं आणि फिकं कुठलं, ते आमच्या विलासला शेवटपर्यंत कळलं नाही. मी शेजारी नसतो तर तुमची निम्मी लेबलं कोरीच आली असती." इथे लोक हसतील असा माझा हिशोब होता. कोणी हसलं नाही. कुठेतरी एक खुर्ची सरकली. पहिल्या रांगेत भाजणी आणि उपवासाची पिठं करणाऱ्या देशमाने बाई बसल्या होत्या, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी मान खाली घातली आणि पदराला लागलेलं काहीतरी झटकत राहिल्या. मला वाटलं, दुःख अनावर झालं असेल. घरी जाताना रिक्षात मी सुनंदाला विचारलंसुद्धा, बोलणं बरं झालं ना. ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "आवाज मागेपर्यंत येत होता."

त्यानंतर काही आठवडे गाळा मी एकट्याने चालवला. मृणाल आयटीत आहे. तिने मला गिऱ्हाइकाचं नाव शोधून फाइल उघडायची आणि बटण दाबायचं, एवढं शिकवलं होतं. जुन्या ऑर्डरी सुरळीत निघत होत्या. त्यामुळे माझी छाती आणखी फुगली. मग नऱ्हेचा एक तरुण आला, पंपांचे सुटे भाग विकणारा. त्याला बारकोडची नवी लेबलं हवी होती. मृणालने शनिवारी येऊन फाइल नव्याने तयार केली, मी नमुना पास केला, वर दोन आकडे चढवले, आणि माल पाठवला. तिसऱ्या दिवशी तो सगळे रोल पिशवीत घालून परत घेऊन आला. "काका, एकही लेबल स्कॅन होत नाहीये. गोदामवाल्यांनी सगळा माल परत पाठवला." मी एक लेबल खिडकीपाशी नेलं. "चांगलं काळं तर आहे," मी म्हणालो. तो नम्रपणे म्हणाला, "काळंच आहे, काका. नुसतं काळं आहे." मी त्याला स्कॅनर तपासून घ्यायला सांगितलं. त्याने खिशातून फोन काढला, शेल्फवरच्या देशमाने बाईंच्या जुन्या लेबलावर धरला आणि तो लगेच वाजला. मग आपल्या लेबलावर धरला आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो... फोन काही वाजला नाही.

संध्याकाळी मृणाल आली. तिने नवी फाइल आणि जुनी फाइल शेजारी शेजारी उघडली. मग म्हणाली, "मामा, एक विचारू? बाबांच्या सगळ्या फाइल्समध्ये डार्कनेस मायनसमध्ये का आहे?" मला काही समजलं नाही. तिने समजावून सांगितलं. लेबलाच्या फाइलमध्ये अशी सोय असते की मशीनवर जी उष्णता लावली असेल, त्यातून इतकी वजा करून छाप, असं सांगून ठेवता येतं. मशीनवरचा आकडा तसाच दिसत राहतो, छपाई मात्र खालच्या आकड्यावर होते. देशमाने बाईंच्या फाइलमध्ये वजा नऊ होते. त्या फॅब्रिकेशनवाल्याच्या, वजा नऊ. "नमुन्याची फाइल वेगळी आहे," ती म्हणाली, "तिच्यात झीरो." मी म्हणालो, मशीन म्हातारं झालंय ना, म्हणून काहीतरी केलं असेल त्याने. मृणालने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचा आवाज अगदी तिच्या बापासारखा खाली आला. "मशीन ओके आहे, मामा."

मग तिने बंद पडलेल्या गिऱ्हाइकांच्या फाइली उघडल्या. ज्यांचं काम थांबलं, त्यांच्या फाइली विलासने पुन्हा बदलल्या नव्हत्या, त्या तेव्हाच्या तशाच राहिल्या होत्या. सगळ्यात जुन्या फाइलींमध्ये काहीच वजा नव्हतं. नंतर एक. पुढे तीन. मग पाच, सात... माझ्या डोळ्यांत पडदा कसकसा चढत गेला, ते कुठल्याही डॉक्टरकडे न जाता तिथे सगळं दिसत होतं. मी फिकट म्हणायचो, तो माझ्यासमोर वाढवायचा, मला हवा तसा काळा नमुना काढून दाखवायचा, 'आता बरं' एवढं माझ्याकडून ऐकून घ्यायचा आणि आडोशाला जाऊन तेवढंच वजा करायचा. बाहेर चहा पीत बसलेला मी, पास केल्याच्या समाधानात. मृणालला मी विचारलं की तुला हे माहीत होतं का. तिने सांगितलं की हे वजा प्रकरण माहीत नव्हतं, पण डोळ्यांचं माहीत होतं. "सगळ्यांनाच माहीत होतं, मामा. बाबा सांगायचे, त्यांच्यासमोर विषय काढू नका." सगळ्यांनाच. मला शाळेचा तो हॉल आठवला आणि खाली घातलेल्या माना. शंभर खुर्च्यांवरची माणसं मला ऐकत होती आणि त्यांच्यातल्या एकानेही मला खाली बसवलं नाही, कारण विलासने त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. मेल्यानंतरही त्याने मला सांभाळून घेतलं आणि मी त्याच वेळी, त्याच्या फोटोशेजारी उभा राहून, त्याची नजर कच्ची म्हणत होतो.

देशमाने बाई लेबलं न्यायला आल्या, तेव्हा मी धीर करून विचारलं. पूर्वी त्या दर वेळी 'काळीभोर असतात हो तुमची लेबलं' म्हणायच्या आणि माझा दिवस चांगला जायचा. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "खरं सांगू का, काका? तसं म्हणायला विलासभाऊंनीच सांगितलं होतं. भाऊजींना बरं वाटतं, म्हणाले." मला जरा लागलं असं त्यांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी विषय बदलला. "शेवटी शेवटी तेच किती फिके पडले होते हो. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. माझ्याकडे पार्सल द्यायला यायचे तर जिन्यात दोनदा थांबायचे. तुमच्या तर लक्षात आलंच असेल, तुम्ही रोज बघत होता."

"हो," मी म्हणालो.

का हो म्हणालो, ठाऊक नाही. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, एवढंच. रोज माझ्यापासून हातभर अंतरावर, नमुना धरून, खिडकीच्या उजेडात तो उभा राहायचा. मी त्याच्या हातातल्या इंचभर कागदाकडे बघून फिकट म्हणायचो आणि कागदामागचा माणूस पांढरा पडत चालला होता. दिसत नव्हतं, हे खरं. पण ऐकू येत होतं ना? त्याचं बोलणं कमी झालं होतं, आतल्या खुर्चीत तो जास्त वेळ बसून राहायचा. मी ते सुस्तीच्या खात्यात घातलं आणि तसं त्याला बोलूनही दाखवलं. घरी येऊन मी सुनंदाला वजा नऊची गोष्ट सांगितली. मला वाटलं, तिलाही माहीत असणार. तिने डोळे पुसले. म्हणाली, "मला नव्हतं माहीत. मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं." मग तिच्या नेहमीच्या कोरड्या सुरात, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय. तयार राहा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि डॉक्टरांनी मला विचारलं की इतके दिवस काय करत होतात. "पास करत होतो," मी म्हणालो. त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावत बसलो नाही. ऑपरेशनं झाली. आमच्या खोलीचे पडदे मी पिवळट समजत होतो, ते पांढरे निघाले. गाळ्यात गेलो तेव्हा मी पहिल्यांदा नऱ्हेच्या तरुणाची ती परत आलेली लेबलं पाहिली. अक्षरं फुगलेली, रेघा एकमेकींत शिरलेल्या, रिबनच्या सुरकुतीचा तिरका पांढरा ओरखडा. छापखान्यात असा कागद कोणी आणला असता तर मी तो त्याच्यासमोर फाडला असता. मग देशमाने बाईंचं लेबल पाहिलं. भाजणीचा भ कसा सुटा, स्वच्छ आला होता, घटकपदार्थांची मुंगीएवढी ओळसुद्धा वाचता येत होती. त्यानंतर भिंतीवर लावलेल्या विलासच्या फोटोकडे वळलो. मृणालने तो गेल्या दिवाळीत काढलेला. माझ्या डोक्यातला विलास काळ्या केसांचा, गालांनी भरलेला होता. फोटोतला माणूस थकलेला होता, डोळ्यांखाली काळं, गालांची हाडं वर आलेली. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. एवढा बदललेला माझा मेहुणा मला प्रथमच दिसत होता आणि मला त्याच्याकडे वर बघवेना.

मशीन आता खालच्या आकड्यावर आणलं आहे, विलासच्या पद्धतीने, खालून एकेक चढवत, कड स्वच्छ झाली तिथे थांबून. त्यामुळे जुन्या फाइलींमधलं वजा काढून टाकणं भाग होतं. नाहीतर आता लेबलं खरोखरच उमटली नसती. मृणालने मला कसं करायचं ते दाखवलं आणि रोज थोड्या थोड्या अशा सगळ्या फाइली मी स्वतः सुधारल्या. नऱ्हेच्या तरुणाला लेबलं नव्याने करून दिली आणि गोदामवाल्याकडे जाऊन चूक माझी होती असं सांगून आलो. त्या हॉलमधल्या शंभर जणांकडे मात्र मला जाता येत नाही. काही भेटले त्यांना सांगितलं, तर ते अवघडून 'असू द्या हो काका' म्हणतात. ते मला अजूनही सांभाळूनच घेत आहेत आणि तेच सोसवत नाही. म्हणून हे सगळं छापून यावं असं वाटलं. नजर विलासची पक्की होती. कच्ची माझी होती, आणि डोळ्यांचा पडदा काढून झाल्यावरही मला तसंच वाटतं.

देशमाने बाईंच्या फाइलीची एक प्रत मी तशीच ठेवली आहे, वजा नऊसकट. मृणालने विचारलं, ही का नाही बदलली? मी म्हणालो, राहू दे. सकाळी शटर उघडतो, मशीन चालू करतो, आणि कामाला लागण्याआधी त्या फाइलीतून एक लेबल काढतो. शाई जेमतेम उतरलेली असते, भाजणीचा भ अर्धा, रेघा तुटक. ते घेऊन मी सवयीने खिडकीपाशी जातो. चष्म्याची आता गरज नसते. आत कपाटाच्या आडोशाला त्याची खुर्ची मी हलवलेली नाही.

"फिकट," मी तिकडे बघून म्हणतो. आता ते खरंच फिकट असतं.